कियांतीच्या चढावर डबल क्लच

थर्डवरून सेकंड टाकताना गिअरबॉक्सने जो आवाज काढला, तो ऐकून गराजच्या दारात झोपलेलं मांजर उठून निघून गेलं. शिकवणारा मुलगा मात्र शांत होता. पंचविशीचा असेल. त्याने दोन बोटं वर केली आणि म्हणाला, "दोप्पिएत्ता, सिन्योरा."

दोप्पिएत्ता म्हणजे आपल्याकडचे जुने ट्रकड्रायव्हर ज्याला डबल क्लच म्हणतात तेच. आजच्या कुठल्याही मॅन्युअल गाडीत सिंक्रोमेश असतो, म्हणजे गिअर बदलताना आतल्या दातेरी चाकांचा वेग गाडी स्वतःच जुळवून घेते. माझ्या हाती दिलेल्या १९६९ सालच्या फियाट ५०० एफमध्ये ही सोय नाही. जुळवाजुळव तुमच्या पायाने करायची. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग खालचा गिअर. एवढं सगळं एका श्वासात. रेस कमी पडली की खर्रर्र, जास्त झाली की गाडीला हिसका. आणि फर्स्ट टाकायचा तो गाडी पूर्ण थांबल्यावरच, हे त्याने तीनदा बजावलं.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. इटलीत, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला ग्रेवे इन कियांती या गावात आमचा मुक्काम होता. जुनी गाडी स्वतः चालवत द्राक्षमळ्यांमधून जायचं, सूर्यास्ताला एका मळ्यावर वाइन चाखायची आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, अशी ती सहल. फोटोत सगळ्या बायका गॉगल लावून, केस उडवत हसताना दिसतात. गिअरबॉक्सचा आवाज फोटोत येत नाही.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण तिथेच आमच्यासमोर एक जोडपं अडकलं. आपलं लायसन्स युरोपीय संघाबाहेरचं, त्यामुळे इटलीत त्याच्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून न्यायचा. तिथे पोचल्यावर मिळत नाही. शिवाय मूळ लायसन्स जवळ हवं, त्याच्याशिवाय हा परवाना म्हणजे नुसता कागद. त्या जोडप्याने मूळ लायसन्स हॉटेलात ठेवलं होतं. त्यांना मागच्या सीटवर बसून सहल करावी लागली, आणि ५००ची मागची सीट ही मोठ्या माणसांसाठी शिक्षाच आहे. अख्ख्या गाडीची लांबी तीन मीटरही भरत नाही.

माझ्या नवऱ्याने गेल्या आठ वर्षांत ऑटोमॅटिकशिवाय काही चालवलेलं नाही. त्यामुळे कोण चालवणार हा प्रश्न आमच्यात आलाच नाही. कोण पिणार, हाही नाही.

गराजच्या आवारात सरावाला अर्धा तास मिळतो. त्यात मला कळलं की डबल क्लचपेक्षा मोठी अडचण माझा डावा हात आहे. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पंचवीस वर्षांची सवय अशी की गिअर म्हटलं की डावा हात आपोआप खाली जातो. तो जाऊन काच खाली करायच्या हँडलवर आपटायचा. मी तीनदा काच खाली-वर केली. शेवटी मुलाने माझा डावा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला आणि वरून एक चापटी मारली, लहान मुलाला मारतात तशी. ते लागू पडलं.

पायांचीही गंमत आहे. पेडल्स सरळ समोर नाहीत, गाडीच्या मध्याकडे सरकलेली आहेत आणि एकमेकांना खेटून आहेत. रुंद तळाचे स्पोर्ट्स शूज घातले तर ब्रेकबरोबर अॅक्सिलरेटरही दाबला जातो. मी नवऱ्याला खोलीवर पिटाळून माझ्या पातळ तळाच्या सपाता मागवल्या. कुणी जाणार असेल तर ही एक गोष्ट लिहून ठेवा.

चालू करायची पद्धत मात्र मला इतकी आवडली की मी गाडी उगाचच दोनदा बंद करून चालू केली. किल्ली फिरवून गाडी सुरू होत नाही. दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या मागे, जमिनीलगत दोन छोटे दांडे आहेत. एक चोक, दुसरा स्टार्टर. किल्ली फिरवायची आणि स्टार्टरचा दांडा वर ओढायचा. मागून फट-फट-फट आवाज येतो, शेतातल्या डिझेल पंपासारखा. इंजिन मागे असतं, दोन सिलिंडरचं, पाण्याने नाही तर हवेने थंड होणारं. पुढच्या बॉनेटखाली पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी. पेट्रोल किती उरलंय ते दाखवणारा काटा नाही. संपत आलं की एक लाल दिवा लागतो, बास.

ही गाडी १९५७ साली आली. दान्ते जाकोझा या इंजिनिअरने केलेली, युद्धानंतरच्या इटलीत स्कूटरवर फिरणाऱ्या कुटुंबाला परवडेल अशी. पहिल्या मॉडेलची ताकद तेरा अश्वशक्ती. माझ्या एफची अठरा. आमच्या घरी लहानपणी फियाट होती, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पण बाबा तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. या दोघींच्या चेहऱ्यात साम्य काहीच नाही. पण दार लावल्यावर येणारा पत्र्याचा हलका आवाज ऐकला आणि मला बाबांचा "हळू लाव गं" ऐकू आला.

साडेचारला चार गाड्यांचा ताफा निघाला. सगळ्यांत पुढे वाटाड्या, सगळ्यांत मागे तो शिकवणारा मुलगा. फ्लॉरेन्सहून सिएनाला जाणारा २२२ क्रमांकाचा रस्ता, त्याला कियांतिजाना म्हणतात, तो ग्रेवेतूनच जातो. ग्रेवे नदीकाठी, खाली. पुढचं गाव पान्त्सानो डोंगराच्या माथ्यावर. मध्ये काही किलोमीटरची वळणं आणि चढ. कागदावर हे अंतर किरकोळ आहे.

अठरा अश्वशक्ती, दोन भरलेली माणसं आणि चढ. थर्डमध्ये गाडी दमायला लागली. आता सेकंड टाकायला हवा हे मला कळत होतं, इंजिनही सांगत होतं, पण समोर वळण, वळणावर सायकलस्वारांचा घोळका. मी क्लच दाबला, न्यूट्रल केलं, रेस दिली... आणि सेकंड सापडेना. खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. गाडी थांबली, मग मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला तोवर इंजिन बंद. मागे त्या शिकवणाऱ्या मुलाची गाडी, आणि तिच्या मागे रिकामी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर.

ट्रॅक्टरवाला ओरडेल असं वाटलं. त्याने खाली वाकून तळहात जमिनीकडे दाबल्यासारखा केला आणि म्हणाला, "पियानो, पियानो." सावकाश. पियानो या वाद्याशी या शब्दाचा संबंध मला नंतर लागला.

फर्स्ट टाकला, हाफ क्लचवर गाडी धरली, हँडब्रेक सोडला. निघाली. पुढच्या वळणाआधी नवऱ्याने स्वतःहून मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, "क्लच, न्यूट्रल, सोड, रेस, क्लच, सेकंड." त्याला यातलं एकही येत नाही, पण तो पाढे म्हटल्यासारखा म्हणत राहिला आणि मी त्याच्या आवाजावर पाय हलवत राहिले. चौथ्या वळणाला खरखर निम्म्यावर आली. त्याआधी मी खालचा गिअर टाकायला उशीर करत होते, हीच माझी चूक होती. गाडी दमल्यावर नाही, दमणार हे दिसल्यावर गिअर बदलायचा. वळणाच्या आधी, वळणात नाही.

कॅनव्हासचं छत उघडं होतं. आजूबाजूच्या दृश्याबद्दल मला विचारू नका, मी ते पाहिलं नाही. नवऱ्याने काढलेल्या फोटोंवरून कळतं की द्राक्षांच्या रांगा होत्या, ऑलिव्ह होते आणि सरूची झाडं होती.

पान्त्सानोच्या दक्षिणेला डोंगराचा उतार वाटीसारखा वळतो. त्याला कोंका द'ओरो म्हणतात, सोन्याची वाटी. डांबरी रस्ता सोडून आम्ही तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्याने एका मळ्यावर उतरलो. छत उघडं असल्यामुळे पोचेपर्यंत आमच्या भुवया पिकलेल्या होत्या.

मळ्याच्या बाईंनी आधी हातात दगड दिला. गालेस्त्रो. पाटीसारखा, पापुद्र्यांचा, बोटांनी दाबला तर चुरा होणारा. यातून पाणी झटकन निचरतं, मुळांना खोल जावं लागतं, म्हणून द्राक्ष लहान आणि घट्ट राहतं. सांजोवेझे जातीची ही द्राक्षं अजून वेलीवरच होती. उशिरा पिकतात, तोडणी आठ-दहा दिवसांवर आली होती. बाटलीवर कियांती क्लासिको, म्हणजे इथल्या वाइनचं नाव, लिहायचं तर आत किमान ८० टक्के सांजोवेझे लागते, आणि २००६च्या हंगामापासून पांढरी द्राक्षं मिसळायला बंदी आहे. या भागाच्या सीमा तोस्काना या इथल्या प्रांताचा तेव्हाचा शासक, तिसरा कोझिमो दे मेदिची, याने १७१६ साली फर्मान काढून आखल्या. आपल्याकडे तेव्हा शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर होते.

बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा असतो. त्याची दंतकथा अशी की फ्लॉरेन्स आणि सिएनाने सीमा ठरवायला पैज लावली. कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघणार, भेटतील तिथे सीमा. सिएनावाल्यांनी आपला पांढरा कोंबडा खाऊ घालून पोसला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळ्याला उपाशी ठेवला. तो भुकेने पहाटेच्या कितीतरी आधी आरवला आणि त्यांचा स्वार जवळजवळ सिएनापर्यंत पोचला. मीही दुपारपासून काही खाल्लेलं नसल्याने माझी सगळी सहानुभूती कोंबड्याला होती. खायला पाव आला तो बिनमिठाचा. तोस्कानात पावात मीठ घालत नाहीत. वरून हिरवट, घशाला झोंबणारं ऑलिव्ह तेल आणि मीठ घेतलं तेव्हा कुठे तो पाव झाला.

आता मुख्य मुद्दा. सहलीची जाहिरात करणारे जे सांगत नाहीत ते हे की, वाइन चाखायची वेळ ही गाडी परत न्यायच्या आधीची वेळ आहे. इटलीत चालकाच्या रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. मी तो हिशोब करतच बसले नाही. सिंक्रोमेश नसलेली गाडी, पुढे उतार, आणि मला शुद्धीतही सेकंड सापडत नाही.

म्हणून मी थुंकले. टेबलावर त्यासाठी भांडं असतं आणि जाणकार मंडळी बिनदिक्कत थुंकतात, त्यात अपमान नाही. अडचण कौशल्याची आहे. पानाच्या पिचकाऱ्यांच्या देशातून जाऊनही मला पहिल्या खेपेला ते जमलं नाही, हनुवटीवरून ओघळ आला. ओठ आवळून, जीभ मागे घेऊन, एका दमात सोडायचं असतं. आणि थुंकूनही थोडं पोटात जातंच, म्हणून तीनपैकी दोनच ग्लासांना तोंड लावलं. पहिला बारा महिने मुरवलेला साधा क्लासिको. दुसरा रिझेर्वा, चोवीस महिन्यांचा. तिसरा ग्रान सेलेत्सिओने, तीस महिन्यांचा, तो मी फक्त हुंगला. बाई चेरी आणि व्हायोलेट म्हणत होत्या. मला जांभूळ आठवलं, आंबट आणि नंतर जीभ ओढून धरणारं. नवऱ्याने तिन्ही ग्लास संपवले आणि माझा तिसराही.

सव्वासातच्या सुमाराला सूर्य समोरच्या टेकडीला टेकला. सगळे ग्लास वर धरून फोटो काढत होते. मी गाडीकडे गेले. इंजिन थंड होताना टिक-टिक करत होतं. पत्र्यावरची पांढरी धूळ गुलाबी दिसत होती, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मी मागे वळून ती वाटी नीट पाहिली, रांगाच रांगा, तळाशी आधीच अंधार.

परतीच्या उताराची मला भीती होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही पॉवर नसलेले. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ते तापून धरेनासे होतात. मुलाने सांगून ठेवलं होतं, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. म्हणजे पहिल्या वळणाआधीच थर्डवरून सेकंड. नवरा वाइनमुळे पाढे विसरला होता. मी मनातल्या मनात म्हटलं, पाय हलवले, आणि काहीच आवाज आला नाही. मला वाटलं गिअर पडलाच नाही. पण इंजिनाचा सूर चढला, गाडीने आपलं आपण अंग आवरलं.

"झालं?" नवऱ्याने विचारलं.

"झालं."

ग्रेवेच्या गराजमध्ये मुलाने टॉर्च मारून चारही बाजू पाहिल्या, अनामत रकमेचा कागद फाडला आणि गिअरच्या दांड्याला हात लावून माझ्याकडे पाहत अंगठा वर केला. मांजर परत आलेलं होतं.

मळ्यावरून रिझेर्वाची एक बाटली घेतली होती. खोलीवर पोचेपर्यंत नवऱ्याला झोप अनावर झाली. मी सपाता न काढता खिडकीत बसले, बाटली उघडली आणि बेसिनवरच्या, दात घासायच्या ग्लासात अर्धा ग्लास ओतून घेतली. हा घोट मी थुंकला नाही.