पेस्टम बघा, पिशोत्ताचा रस्ता घेऊ नका

आधी निकाल सांगून टाकते. दक्षिण इटलीतले ग्रीक आणि रोमन अवशेष बघायला मोटरहोम, म्हणजे झोपायची-शिजवायची सोय असलेली गाडी, उत्तम. तिथला समुद्रकिनारा बघायला मोटरहोम नेणं म्हणजे विकत घेतलेला छळ. गाडी भाड्याने देणारे मात्र दोन्ही गोष्टी एकाच चकचकीत कागदावर छापतात, आणि त्यात मोठा फोटो किनाऱ्याचाच असतो.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, दादा आणि वहिनी. दादा म्युनिकला राहतो, त्यामुळे जर्मन लायसन त्याचं आणि स्टिअरिंगही त्याच्याच हातात. भारतातलं लायसन असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा. गाडी फियाटच्या डुकाटो व्हॅनवर बांधलेली, सात मीटर लांब, आरसे न धरता सव्वादोन मीटरपेक्षा जास्त रुंद. साडेतीन टनांपर्यंतची गाडी साध्या कारच्या लायसनवर चालवता येते, पण म्हणून ती कारसारखी चालते असं नाही.

रोमबाहेर जिथून गाडी उचलली तिथल्या काउंटरवरच्या मुलाने नकाशावर पेनाने एक रेघ मारून दिली. नेपल्स, सोरेंतो, अमाल्फी, सालेर्नो आणि मग समुद्राला धरून खाली. "व्हेरी ब्यूटिफुल, नो प्रॉब्लेम." या रेघेतला अमाल्फीचा तुकडा, म्हणजे पोझितानोकडून व्हिएत्रीकडे जाणारा एसएस १६३ हा रस्ता, मोटरहोम आणि कॅराव्हॅनला सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बंद असतो. हे आम्हाला पोंपेईच्या कॅम्पसाइटवरच्या बाईंनी सांगितलं, तेही हसत हसत. रोज कुणी ना कुणी तशीच रेघ घेऊन येत असणार. अमाल्फी बघायचंच असेल तर गाडी सालेर्नोच्या आसपास ठेवा आणि उन्हाळी हंगामात तिथून बोटीने जा. बोट मिळाली नाही तर बस आहे. बोटीतून सगळा किनारा समोरून दिसतो, बसमधून मुख्यतः पुढच्या बसची पाठ.

पोंपेईत राहायला गेटासमोरच कॅम्पसाइट आहेत. रस्ता ओलांडला की आत. तिथेच उतरा. 'फक्त दोन तास बघून पुढे जाऊ' म्हणून जवळच्या पार्किंगमध्ये शिरलात तर हात हलवत गाडी आत वळवून घेणारे लोक भेटतात. पाटीवरचा दर कारचा असतो, मोटरहोम म्हटलं की तोंडी दर सुरू होतो आणि पावतीचं नाव निघत नाही. आमच्याकडे पाटीच्या दुप्पट मागितले. वहिनी खाली उतरून पाटीचा फोटो काढायला लागली तसा भाव खाली आला. फोटो काढा, हेच सांगणं.

तिकीट आधी ऑनलाइन काढा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. आत सावली जवळपास नाही. आणि माझं मत विचाराल तर पोंपेईपेक्षा हर्क्युलेनियम सरस. ते जवळचंच रोमन गाव, लहान आहे, पण व्हेसुव्हियसच्या ज्या उद्रेकाने इसवी सन ७९ मध्ये पोंपेई गाडलं, त्यातच तिथे दगड-राखेचा तप्त लोंढा इतका खोल साचला, की वरचे मजले आणि जळून कोळसा झालेलं लाकूडसुद्धा टिकलं. चौकटी, तुळया, एक पलंगही. लोकल ट्रेनने एर्कोलानो (हर्क्युलेनियमचं आजचं गाव) स्कावी स्टेशनला उतरून सरळ उतार चालत जायचं. मोटरहोम तिकडे नेऊ नका. एर्कोलानोच्या गल्ल्यांत तिला उभं राहायला जागा नाही.

आता पेस्टम. इथे मात्र मी मुक्तकंठाने सांगते, जा. सालेर्नोच्या दक्षिणेला सपाट मैदान, सरळ रस्ते, म्हशी, आणि समुद्राजवळ पाइनच्या झाडांत मोटरहोमसाठी मुबलक जागा. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास सिबारिस या ग्रीक वसाहतीतून आलेल्या ग्रीकांनी हे शहर वसवलं, तेव्हा नाव पोसेइदोनिया. डोरिक, म्हणजे जाड, साध्या खांबांच्या ग्रीक शैलीतली तीन देवळं अजून उभी आहेत. त्यातलं सगळ्यात जुनं, हेरा देवीचं, ख्रिस्तपूर्व ५५० च्या आसपासचं. त्याच्या दर्शनी बाजूला नऊ खांब आहेत. विषम आकडा, त्यामुळे बरोब्बर मध्ये खांब येतो आणि गाभाऱ्याच्याही मधोमध खांबांची रांग जाते. अठराव्या शतकातल्या विद्वानांना हे देऊळच वाटेना, म्हणून त्यांनी त्याला 'बॅसिलिका', म्हणजे रोमन सभागृह, म्हटलं, आणि पाटीवर आजही तेच आहे. शेजारचं 'नेपच्यूनचं' देऊळ अधिक नीटस, पण मला ते नऊ खांबांचं आवडलं. करून बघणाऱ्यांचा हात त्यात दिसतो.

संग्रहालय चुकवू नका. १९६८ मध्ये सापडलेल्या एका थडग्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्यात सूर मारणारा तरुण रंगवलेला आहे. ग्रीक काळातलं असं भित्तिचित्र मिळणं फार दुर्मिळ. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. दादा बाहेर म्हशीच्या दुधाचं आइस्क्रीम खात होता. ज्याचं त्याचं.

एक गोष्ट मात्र खटकली. एकोणिसाव्या शतकात इथून रस्ता काढताना तो थेट रोमन अँफिथिएटरमधून नेला. अर्धं अँफिथिएटर उघडं दिसतं, उरलेलं रस्त्याखाली आणि त्याच्या पलीकडे. या भागात रस्ते आखणाऱ्यांबद्दल माझं मत तिथेच बनायला हवं होतं.

पेस्टमच्या दक्षिणेला चिलेंतोचा डोंगराळ भाग लागतो आणि त्यात वेलिया. हीच जुनी एलिया, पार्मेनिडीस आणि झेनो या ग्रीक तत्त्वज्ञांचं गाव. गर्दी नव्हती, झेनोच्या कोड्यातल्या, कासवामागे धावणाऱ्या अकिलीसबद्दल माहिती देणारं कुणी नव्हतं, उकाडा भयंकर होता. 'पोर्ता रोझा' नावाची दगडी कमान १९६४ मध्ये उकरून काढली. ग्रीकांना कमान माहीत नव्हती असं शाळेत ऐकलं असेल तर ती बघाच. चढ बऱ्यापैकी आहे, बूट चांगले हवेत.

इथपर्यंत सगळं ठीक. वेलियाच्या बाजूच्या अशेआहून आम्हाला पालिनुरोला जायचं होतं. मध्ये पिशोत्ता नावाचं डोंगरावरचं गाव. फोनमधलं ॲप म्हणालं, तासाभराच्या आत. आणि ती पेनाची रेघ अजून नवऱ्याच्या मांडीवर होतीच.

तो डोंगर सरकतो. हे मी रागाने म्हणत नाहीये. अशेआ आणि पिशोत्ताच्या मधला उतार कित्येक वर्षं हळूहळू समुद्राकडे घसरतोय आणि त्यावरचा रस्ताही त्याच्याबरोबर. डांबर मध्येच लाटेसारखं वर येतं, पुढे खचतं, मग ठिगळ, मग पुन्हा खचतं. प्रत्येक उंचवट्यावर मागच्या कपाटातली भांडी एकदम वाजायची. त्यानंतर आला असा चढ, की पहिल्या गिअरमध्येही गाडी रडत होती. एका बाजूला जुन्या, प्रचंड ऑलिव्हच्या फांद्या छताला घासत होत्या, दुसऱ्या बाजूला फूटभर उंचीचा कठडा आणि खाली समुद्र. वळणावर समोरून फियाटची छोटी पांडा कार आली. तिचा चालक एका हाताने फोन धरून होता आणि त्याने आमच्याकडे असं बघितलं, की आम्हीच त्याच्या अंगणात शिरलोय. मग बस आली.

बस मागे जात नाही हे लक्षात ठेवा. दादाने वरंध घाटात भर पावसात गाडी चालवली आहे, तो सहसा घाबरत नाही. त्या वळणावर तो एक शब्द बोलला नाही, फक्त टीशर्ट पाठीला चिकटला. नवरा मागे उतरून हात करत होता, वहिनी पुढे बसवाल्याला थांबवत होती, मी आत बसून फांद्या मोजल्यासारखं करत होते. उजवा आरसा एका भिंतीला लागला. झेनो म्हणतो की आधी अर्धं अंतर जावं लागतं, मग उरलेल्याचं अर्धं, आणि पोचणं काही होत नाही. तो याच डोंगरात का जन्मला ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे जाणाऱ्यांसाठी रस्ता असा आहे. वेलिया बघून झालं की किनारा सोडा, आतल्या बाजूच्या चिलेंताना या रुंद रस्त्यावर परत या, पोदेरियाला उतरा आणि मिंगार्दो नदीच्या खोऱ्यातून पालिनुरोला या. अंतर जास्त, ॲप नाराज होईल, होऊ द्या. ॲपला तुमची गाडी सात मीटरची आहे हे ठाऊक नसतं. गाडीची लांबी-रुंदी भरता येते असं नेव्हिगेशन वापरा, आणि तरी वळणांच्या आधी नकाशा मोठा करून बघा. हिरव्या रंगात एकदम गुंडाळलेला दोरा दिसला तर जाऊ नका. जायचंच असेल तर लहान कार घेऊन, सकाळी.

पालिनुरोचे दिवस छान गेले. पाणी निळं होतं, गुहा होत्या. मग ए२ हायवेने इटलीच्या पार दक्षिण टोकाच्या रेज्जोला, त्यावर टोल नाही. किनाऱ्यावरून गेलात तर मात्र पिशोत्ताचं सगळं परत आठवेल.

रेज्जोच्या संग्रहालयात रियाचे गावाजवळचे दोन योद्ध्यांचे ब्राँझ पुतळे आहेत. १९७२ च्या ऑगस्टमध्ये समुद्रात सापडलेले. आत सोडण्याआधी थोड्या लोकांना एका खोलीत काही मिनिटं थांबवतात, कपड्यांवरची धूळ गाळून घ्यायला. त्यातल्या एकाचे दात चांदीचे आहेत, तेवढ्यासाठी जवळ जाऊन बघा. सोमवारी बंद. परतताना एसएस १०६ ने इओनियन किनाऱ्याला लागलो. त्या रस्त्याचं नाव अपघातांसाठी वाईट आहे, अंधार पडायच्या आत थांबा. कापो कोलोन्नाला हेराच्या मोठ्या देवळाचा एकच खांब शिल्लक आहे, मेतापोंतोला पंधरा. दोन्हीकडे पार्किंग सोपं. मातेरात गाडी गावाबाहेर.

आता पैशांचं. जुन्या गावांच्या मध्यभागी झेडटीएल असतं, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी आणि वर कॅमेरा. फलकावर 'वार्को अत्तीवो' लिहिलं असेल तर बंदी चालू आहे, शिरू नका. 'नोन अत्तीवो' असेल तर बंद आहे. दंडाची नोटीस परदेशी माणसाला ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते. त्याआधी गाडीवाले तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे कार्डावरून कापतात. ते दंडात धरलेले नसतात. नोटीस आल्यावर पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट मिळते.

रस्त्याच्या कडेला रात्र काढायची असेल तर नियम असा की गाडी फक्त चाकांवर उभी हवी. छत्री बाहेर नाही, चाकाखाली ठोकळे नाहीत, पाणी गळायला नको. यातलं काहीही केलं की ते कायद्याने 'कॅम्पिंग' ठरतं. निळ्या रेघा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे तुमच्यासाठी नाहीत. टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपासच्या (आपल्या फास्टॅगसारखं) रांगेत जाऊ नका. रात्री थांबायला 'आरेआ सोस्ता' शोधा. तिथे पाणी भरता येतं आणि टॉयलेटची टाकी रिकामी करता येते. ते काम नवऱ्याला द्या, चर्चा नको. स्वयंपाक दुपारी करू नका, आत भट्टी होते. फोडणी खिडकी उघडून द्या, नाहीतर पडद्यांचा हिंगाचा वास काही केल्या जात नाही आणि स्वच्छतेचे पैसे लावतात.

गाडी घेताना चारही बाजूंचे, छताचे आणि आरशांचे व्हिडिओ काढा. विमा घेताना आरसे, छत आणि टायर त्यात आहेत का हे तोंडी न विचारता कागदावर शोधा. आमच्या कागदावर तिन्ही वगळलेले होते, अगदी बारीक अक्षरांत. उजव्या आरशाचे पैसे डिपॉझिटमधून गेले, आणि गाडी परत घेणारा मुलगा तोच होता, पेनवाला. पिशोत्ताहून आलो म्हटल्यावर तो म्हणाला, तिकडे मोटरहोम कोण नेतं?