पिसांची जनगणना

तीन आठवडे खपून मी एक बगळा काढला. साधा पांढरा नव्हे, वंचक. काही जण त्याला ढोकरी म्हणतात. मोबाइलवर फोटो मोठा करकरून पाहिला आणि अगदी बारीक ब्रशने मानेवरची एकेक तपकिरी रेघ ओढली. रविवारी जलरंगांच्या क्लासमध्ये कागद सरांपुढे ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्राला जवळजवळ नाक लावलं आणि म्हणाले, "ताई, पिसांची जनगणना झाली का पूर्ण? आता पेंढा भरा आणि काचेच्या कपाटात ठेवून द्या."

राग आला. चांगलाच आला. बारकाव्याचं काम काय वाईट असतं? जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने टर्की कोंबड्याच्या मानेवरची सुरकुती न् सुरकुती रंगवली आहे. 1612 साली मुकर्रबखानाने हा अजब पक्षी गोव्याहून बादशहासाठी नेला होता. चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. हे सगळं मी सरांना तिथल्या तिथे ऐकवलं. सर शांतपणे म्हणाले, "मन्सूरपुढे कोंबडा होता. तुम्ही वंचक कधी पाहिलाय?"

पाहिला नव्हता.

म्हणून पुढच्या शनिवारी पहाटे पुण्याजवळचं कवडीपाट गाठलं. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या बाजूला मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. पाण्यावर फेस, काठाला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, वासाबद्दल तर न बोललेलंच बरं. तरी हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, शेकाटे आपल्या लाल काड्यांवर तोल सांभाळत हिंडतात. वंचक मात्र कुठे दिसेना. अर्धा तास झाला, पाय अवघडले म्हणून एक पाऊल पुढे टाकलं, आणि चार हातांवरचा दगड उडाला. उडाला तो पांढराशुभ्र! मातकट अंगाखाली एवढे पांढरे पंख मिटून तो मघापासून तिथेच उभा होता. हिंदीत याला 'अंधा बगुला' म्हणतात, माणूस अगदी जवळ आला तरी हलत नाही म्हणून. आंधळं नक्की कोण, हा प्रश्न मी तिथेच सोडून दिला.

त्या दिवशी वहीच्या एका पानावर चौदा वंचक काढले. एकही पुरा नाही. कुठे नुसता खांद्यातला बाक, कुठे चोच आणि पाणी यांतलं अंतर. फोटो आपल्याला वाट्टेल तेवढा वेळ देतो आणि मग आपण पिसं मोजत बसतो. पक्षी मोजून दहा सेकंद देतो.

सरांनी मग पेन्सिल काढून घेतली आणि हातात बारा नंबरचा ब्रश दिला. पांढरा रंग पॅलेटवरून हद्दपार. पंख रंगवायचे नाहीत, कागदच कोरा सोडायचा. अल्ट्रामरीन निळ्यात तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून जो राखाडी होतो तो पंखांभोवतीच्या पाण्याला लावायचा. पाठ आणि काठावरचा चिखल मात्र एकाच ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच थरात, मधली कड एकमेकांत विरघळू द्यायची. ऐकायला सोपं आहे. खरा खेळ ओलीचा. कागद चकाकत असताना रंग टाकला तर तो वाट फुटेल तिकडे धावतो. चकाकी गेली, पण बोटांची मागची बाजू टेकवली की गार लागतं, ती घटका नेमकी. त्यानंतर ब्रशमधून पाण्याचा एक थेंब गळला की कागदावर डागाची फुलकोबी उमलते. मी अशा सतरा फुलकोब्या पिकवल्या. त्या पुसायला गेले की आणखी चिखल, आणि चित्रातला चिखल नदीतल्यासारखा सुंदर नसतो.

सरांनी एकदा ब्रूनो लिल्येफोर्शची चित्रं दाखवली. हा 1860 साली जन्मलेला स्वीडिश चित्रकार. शिकारीचा नाद, आणि मॉडेल म्हणून जनावरं घरीच पाळलेली. त्याचा बर्फातला ससा जवळून पाहिला तर नुसते राखाडी फटकारे आहेत. चार पावलं मागे गेलं की ससा दबा धरून बसलेला. मला वाटलं, या माणसाला वंचक कळला असता.

गेल्या आठवड्यात वीस मिनिटांत एक चित्र झालं. काठ, पाणी, मध्ये वंचक. पाठ चिखलात विरघळली होती, डोळ्याच्या जागी पिवळ्याचा एक ठिपका. हात लावायचा मोह आवरून ते वाळायला टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला गेले. सासूबाई चष्मा पुसत आल्या, कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"पाणी छान झालंय गं," त्या म्हणाल्या. "आणि हा दगड तर अगदी खऱ्यासारखा!"

मी गॅस बारीक केला आणि त्यांना म्हटलं, "एक पाऊल पुढे या बरं."