काहीच न करणारी प्रोसेस

परवा दुपारी तांबडा रस्सा जरा जास्तच झाला होता आणि कॉम्प्युटरही माझ्यासारखाच पेंगत होता. म्हणून टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे आत कोण काय करतंय याची यादी. त्यात सगळ्यात वर ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’, सीपीयू ९४ टक्के. म्हणजे तेवढा वेळ प्रोसेसर बिचारा मोकळाच. सगळं अडलं होतं हार्ड डिस्कपाशी. रिकाम्या वेळालाही नाव देऊन त्याचा हिशेब ठेवणारी ही व्यवस्था मला फार आवडते. दुपारी दोन ते चार आडव्या झालेल्या माणसाला आमच्याकडे काय नावं ठेवतात, ते सांगायला नको.

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार पाहणारा प्रोग्रॅम, आम्ही शिकलो कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका क्लासात, नव्वदच्या दशकात. चपला बाहेर काढायच्या, कारण आत कॉम्प्युटर. एसीही त्याच्यासाठीच, आम्हाला वारा फुकट. एका मशीनवर तिघं: एकाच्या हातात कीबोर्ड, दुसरा त्याच्या चुका काढणारा, तिसरा नुसताच गारव्याला आलेला. काळ्या पडद्यावर ‘डीआयआर’ टाइप करून एंटर मारला की फायलींची नावं सरसर वर पळायची. सर घोकून घ्यायचे: मेमरी मॅनेजमेंट, प्रोसेस मॅनेजमेंट, फाइल मॅनेजमेंट, डिव्हाइस मॅनेजमेंट. समोरचं डॉस, म्हणजे आमची तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टीम, एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायचं, पण प्रोसेस मॅनेजमेंटवर आम्ही अर्धं पान लिहायचो.

ते अर्धं पान कळलं फार नंतर, तेही शिवाजी पेठेतली आत्या आठवून. पंगतीत ती एकटी वाढायची. याला भाकरी, त्याला रस्सा, परत पहिल्याकडे. प्रत्येकाला वाटायचं, आत्याचं लक्ष आपल्याच ताटावर आहे. सिस्टीमही प्रत्येक प्रोग्रॅमला काही मिलिसेकंद प्रोसेसर देते, वेळ संपली की तो कुठवर आला होता ते टिपून ठेवते आणि पुढच्याला बोलावते. गाणं चालू, टायपिंग चालू, डाउनलोड चालू, आणि थांबलोय असं कुणालाच वाटत नाही. लाडके मात्र दोन्हीकडे असतात. इकडे त्याला प्रायॉरिटी म्हणतात, आत्याकडे धाकटा भाचा.

माझी खोड मात्र पेनड्राइव्हची. ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय मी तो काढत नाही. कॉपीची पट्टी भरली म्हणजे काम झालंच असं नसतं. मजकूर आधी मेमरीत ठेवून मग सवडीनं पेनड्राइव्हवर उतरवायची सिस्टीमला मुभा असते. हे मी पुतण्याला समजावलं, तर म्हणतो, “काका, कोण करतंय ते आता? २०१८च्या अपडेटपासून विंडोजच म्हणतंय, सरळ उपसा.”

म्हणू दे की. ‘आता काढा’ अशी पाटी पडद्यावर आल्याशिवाय मी काही हात लावत नाही. पुतण्या तोवर गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत दारात उभा, तोंड वाकडं करून.