बेन्तानाचे मूळ सांगताना झालेली चूक

पुण्यात स्पॅनिश शिकवताना 'बेन्ताना म्हणजे खिडकी' एवढे सांगून मी दरवर्षी पुढे जाते. गेल्या आठवड्यात भाड्याच्या घराची जाहिरात वाचून घेताना एका मुलीने शब्दाचे मूळ विचारले, तेव्हा आधीच्या तुकड्यांना दिलेलेच उत्तर मी दिले: फ्रेंच 'फनेत्र' आणि जर्मन 'फेन्स्टर' यांच्याप्रमाणे हाही लॅटिन 'फेनेस्त्रा'वरून आला. घरी कोश उघडला आणि ते साफ चूक निघाले.

फेनेस्त्राचा वारस स्पॅनिशमध्ये होता, पण तो 'फिनिएस्त्रा' आणि पुढे आरंभीचा 'फ' झिजून 'इनिएस्त्रा' झाला आणि वापरातून गेला. त्याची जागा घेणारा बेन्ताना हा लॅटिन 'वेन्तुस'वरून, म्हणजे वाऱ्यावरून घडलेला आहे. नाकपुडीलाही स्पॅनिश माणूस 'नाकाची बेन्ताना' म्हणतो. वेन्तुस आणि आपला 'वात' एकाच इंडो-युरोपीय मुळाचे, त्यामुळे खिडकीसाठीचा संस्कृत शब्द 'वातायन' त्याच्या अगदी शेजारी येऊन बसतो. इंग्रजी 'विंडो'ही जुन्या नॉर्सच्या 'विंदाउगा'तून, वाऱ्याच्या डोळ्यातून, आली आहे.

पुढच्या तासाला मी आधी चूक कबूल केली आणि मग हे सगळे फळ्यावर मांडले. शाळेत संस्कृत घेतलेला एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, गवाक्षातही डोळा आहेच की!" त्याच जाहिरातीत गोल झरोक्यासाठी 'ओखो दे बुएइ', म्हणजे बैलाचा डोळा, असा शब्द होता. 'बुएइ' आणि गवाक्षातला 'गो' सगोत्र, 'ओखो' आणि त्यातला 'अक्षि' म्हणजे डोळा, हेही सगोत्र. फळ्यावर दोन्ही शब्द समोरासमोर लिहिताना माझा हात थरथरला. तरीही मोह आवरून सांगावे लागले की सुटे भाग एका कुळातले असले, तरी जोडशब्द दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडले आहेत. गोव्याच्या एका मुलीने कोकणीतला 'जनेल' आठवला. तो पोर्तुगीज 'जनेला'चा, आणि त्याचे मूळ दारासाठीच्या लॅटिन शब्दात आहे.

शिक्षकांच्या खोलीत हे सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणाले की परीक्षेत हे विचारत नाहीत. खरे आहे, विचारत नाहीत. पण त्या तासाला घंटा झाल्यावरही एकही जण जागचा उठला नव्हता, आणि वर्षभराच्या आखीव अभ्यासक्रमाने मला असा तास क्वचितच दिला आहे. आधीच्या तुकड्यांपैकी ज्यांचे नंबर माझ्याकडे आहेत, त्यांना मी आता एकेक करून दुरुस्ती कळवते आहे.