गडावरच्या दगडी मुक्कामाविषयी, तुम्ही विचारलेत म्हणून

पुण्यात कोणाशी नवी ओळख झाली आणि सह्याद्रीतील भटकंतीचा विषय निघाला, की एक प्रश्न हटकून येतो: पायथ्याच्या गावात जेवणासह खोली मिळत असताना तुम्ही गडावरच्या जुन्या देवळात किंवा गुहेत दगडावर का झोपता?

उत्तरात इतिहासप्रेमाचा वाटा आहे, पण तो लहान आहे. खरे कारण वारा आहे. राजगडावरच्या पद्मावती मंदिरात पूर्वी आम्ही मुक्काम करत असू, तेव्हा थंडीत माचीवरून, म्हणजे गडाच्या उघड्या सपाटीवरून, उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच फरक अंगाला कळत असे. जाड भिंती वारा अडवतात आणि दिवसा घेतलेली उष्णता रात्री हळूहळू सोडतात, तर तंबूचे कापड सूर्य मावळताच गार पडते. मात्र जमिनीचा दगड पाठीची ऊब तितक्याच निर्दयपणे ओढून घेतो. स्लीपिंग बॅगेचा खालचा भाग अंगाच्या वजनाने दबून निकामी होतो, म्हणून महागड्या बॅगेपेक्षा तिच्याखालची जाड मॅट महत्त्वाची, हे नवख्यांना पहाटे तीनपर्यंत पटत नाही.

गुहांचे गणित वेगळे आहे. सह्याद्रीचा बसाल्ट, म्हणजे काळा ज्वालामुखी खडक, थरांथरांनी रचलेला असल्याने पावसाचे पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून झिरपत राहते. त्यामुळे पाऊस थांबून काही आठवडे लोटले तरी अनेक गुहांची मागची भिंत ओली असते. हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वर लेण्यात तर शिवलिंगाभोवती कमरेइतके थंडगार पाणी साठलेले असते. तोंडाशी वारा आणि आत ओल, म्हणून पथारी मधल्या कोरड्या पट्ट्यात टाकावी, आणि खाऊची पिशवी उंच टांगावी, कारण उंदीर तेथले कायमचे रहिवासी आहेत. गुहेत चूल पेटवू नये: धूर कोंडतो, छत काळवंडते, आणि जवळच्या कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धुराने चवताळलेल्या माशांपासून पळायला तेथे वाट नसते.

देऊळ ही धर्मशाळा नव्हे. ते आसपासच्या गावांचे दैवत असते, तेव्हा विचारून थांबावे आणि पहाटे पुजारी येण्याआधी आवरावे.

आता परवानगीचा मुद्दा. केंद्राच्या १९५९ च्या नियमांनुसार संरक्षित स्मारके सर्वसाधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुली असतात, त्यामुळे लोहगडावरची लक्ष्मी कोठी ही गुहा कितीही प्रशस्त असली तरी ती रात्रीसाठी नाही. लोहगड आणि राजगड २०२५ साली जागतिक वारसा यादीतही गेले आहेत. इतर गडांविषयी वनखात्याच्या चौकीवर आणि पायथ्याच्या गावात आधी चौकशी करावी, आणि जमल्यास शनिवार टाळावा. कोरडी जागा चार-सहा जणांची असते आणि निम्मे पुणे त्याच संध्याकाळी तेथे पोहोचते.