फ्रेस्नोच्या लाल मातीखालचा कातळ

आमच्या देवगडच्या बागेतल्या प्रत्येक जुन्या कलमाखाली एकेक सुरुंग उडालेला आहे. कातळाला पहारीने भोक पाडायचं, दारू ठासायची, खड्डा झाला की लांबून डोक्यावर आणलेली माती त्यात भरायची आणि मग हापूसचं कलम लावायचं. झाड लावायची ही तऱ्हा जगात फक्त आमचीच, असं मला साठी उलटेपर्यंत वाटत होतं. मार्चमध्ये लेकीकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला गेलो, तेव्हा तो समज गेला.

"बाबा, समुद्र, पूल सगळं दाखवून झालं. आता तुम्हाला काय बघायचंय?" लेकीने विचारलं. म्हटलं, शेत दाखव. तिच्या मैत्रिणीचे वडील मदेराजवळ बदाम करतात. या भागात पंजाबी शेतकरी पुष्कळ, त्यातलेच हे एक सरदारजी. जावयाने गाडी काढली. हिरवेगार डोंगर ओलांडून खाली उतरलो, तर समोर कॅरम बोर्डासारखं सपाट खोरं. सॅन वाकीन. लिहिताना ‘जोआक्विन’ लिहायचं आणि म्हणताना ‘वाकीन’ म्हणायचं.

सरदारजींनी चहाआधी खड्डा दाखवला. पाइपसाठी खणलेला चर होता, त्याच्या कडेला मातीचे थर केकसारखे कापलेले. वरची दीडेक फूट तपकिरी-तांबूस पोयटा. मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटाने टिचकी मारली की फुटतो. हात फारसे माखत नाहीत. त्याखाली रंग चढत जातो, माती चिकट होते, ओली असेल तर विटेसारखी लाल दिसते. आणि त्याच्याखाली फरशी. सरदारजींनी पहार आपटली, ठण्ण झालं. "हार्डपॅन," ते म्हणाले. "पानी भी नहीं जाता, जड़ भी नहीं जाती." मी म्हटलं, हा तर कातळ!

तसा तो आपला कातळ नव्हे. इथली माती पूर्वेच्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या ग्रॅनाइटचा गाळ. ती लाखभराहून जास्त वर्षं पडून आहे, म्हणूनच तिच्यातल्या लोहाला गंज चढून ती लाल झाली. पाऊस हिवाळ्यात, आणि तोही बेताचाच: या खोऱ्यातल्या फ्रेस्नो शहरात वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर. ते पाणी मातीतली सिलिका, म्हणजे वाळू-काचेतलं द्रव्य, विरघळवत खाली जातं, काही फुटांवर थांबतं आणि उन्हाळ्यात सुकून जातं. मागे राहिलेली सिलिका लोहाच्या जोडीने मातीचे कण सिमेंटसारखे चिकटवून टाकते. आपल्या कातळाची, म्हणजे जांभ्याची, गोष्ट नेमकी उलट. कोकणच्या धो-धो पावसाने सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. एकीकडे पावसाच्या टंचाईने फरशी झाली, दुसरीकडे पावसाच्या माऱ्याने. शेतकऱ्याच्या कपाळी मात्र दोन्हीकडे पहारच.

‘सॅन वाकीन’ हे या मातीचंही नाव. १९०० साली मृदा-सर्वेक्षणात ते नोंदलं गेलं आणि १९९७ साली ही कॅलिफोर्नियाची अधिकृत राज्य-माती ठरली. त्यासाठी मदेराच्या शाळकरी मुलांनी खटपट केली, याचं मला फार अप्रूप वाटलं. राज्य-फूल, राज्य-पक्षी ठीक आहे, पण माती?

पूर्वी इथे नुसतं चराऊ गवत आणि पावसावरचा गहू होता, कारण त्यांची मुळं वरच्या दीड फुटात भागवून घेतात. पाणी झिरपत नाही, हा दोष भाताला मात्र मानवला. सॅक्रामेंटोकडे याच मातीत भातखाचरं आहेत. फळबाग करायची तर फरशी फोडायलाच हवी. गेल्या शतकाच्या सुरुवातीला फोर्कनर नावाच्या गृहस्थाने फ्रेस्नोजवळ हजारो एकरांवर अंजिराची बाग उठवली, ती प्रत्येक झाडाच्या खड्ड्यात डायनामाइट उडवून. हे ऐकल्यावर मला वडील आठवले. आज अंजिरं गेली, तिथे बंगले आले. वस्तीचं नाव मात्र अजून ‘फिग गार्डन’. आता सुरुंगाची जागा बुलडोझरच्या रिपरने घेतली आहे. माणसाच्या उंचीचा लोखंडी दात जमिनीत घुसवून ओढत नेतात. एकदा फोडली की ही फरशी माणसाच्या आयुष्यात काही परत जुळत नाही. मग ठिबकवर बदाम, पिस्ते, संत्री, आणि द्राक्षं. तीही आपल्या तासगाव-नाशिकची थॉमसन सीडलेसच.

परतताना फ्रेस्नोत फोरेस्टिएरेची बाग बघितली. बाल्दास्सारे फोरेस्टिएरे हा सिसिलीहून आलेला माणूस. लिंबू-संत्र्यांसाठी त्याने इथे जमीन घेतली आणि खणायला गेला तर खाली फरशी. दुसरा कपाळ बडवत बसला असता. हा १९०६ पासून १९४६ मध्ये मरेपर्यंत हाताने खाली-खाली खणत राहिला. फरशीचेच दगड रचून त्याने कमानी उभ्या केल्या, जमिनीखाली खोल्या केल्या, छताला भोकं ठेवली आणि झाडं तळाशी लावली. शेंडे जमिनीच्या पातळीला, त्यामुळे संत्री वरून वाकून तोडता येतात! आत शिरल्यावर गारवा लागला आणि थेट आमची चिऱ्यांची विहीर आठवली. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही चक्क गप्प झालात." होतो खरा.

वाटेत एका कुरणात फरशीवर साचलेली पावसाची तळी दिसली, काठाने पिवळ्या फुलांची वर्तुळं. श्रावणातला आमचा कातळाचा सडाच. गाडी थांबवायला जागा नव्हती, राहून गेलं.

निघताना सरदारजींनी मातीचं एक ढेकूळ आणि फरशीचा एक तुकडा पाण्याच्या दोन ग्लासांत टाकून दाखवला होता. ढेकूळ पाच मिनिटांत विरघळून पाणी लाल झालं. फरशीचा तुकडा त्यांनी मला बांधून दिला. भारतात माती न्यायची म्हणजे परवान्यांचं लचांड, म्हणून लेकीच्या खिडकीत ग्लासातच ठेवून आलो. काल व्हिडिओ कॉलवर तिने ग्लास दाखवला. तुकडा जसाच्या तसा आणि पाणी नितळ.