जकात नाक्यापासून जीएसटीपर्यंत: आमची वाटचाल

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर सुरू केलेलं आमचं मशीन शॉप आज पंचगंगेपलीकडे, शिरोली एमआयडीसीत आहे. आम्ही तिकडे का गेलो, असं कुणी विचारलं की मी आधी जकातीचं, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराचं नाव घेतो.

उद्यमनगर महापालिकेच्या हद्दीत, धातूचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या हद्दीबाहेर. पंप हाउसिंगचं कास्टिंग आमच्याकडे यायचं तर वाटेत नाका. हा माल विकायला आणलेला नाही, बोअर मारून परत जाणार आहे, हे चलन दाखवून पटवावं लागे. टेम्पो रांगेत अडकला की इकडे लेथ बंद, कारागीर बसून. पैशांपेक्षा वेळ जास्त जायचा. फाउंड्रीवाले म्हणायचे, "तुम्हीच हिकडं या की." आम्ही गेलो, आमच्यासारखे बरेच गेले. 1972 साली महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढली नाही. कारखाने मात्र हद्दीबाहेर वाढत राहिले.

पुढे जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना तोही माफ झाला. खरा फरक पडला 1 जुलै 2017 ला, जीएसटीने. पूर्वी बेळगावच्या गिऱ्हाइकाला 2 टक्के केंद्रीय विक्रीकर लागे, त्याचं क्रेडिट, म्हणजे त्याच्या पुढच्या करातून वजावट, त्याला मिळत नसे आणि सी फॉर्मसाठी (या सवलतीच्या दरासाठी गिऱ्हाइकाने द्यायचा दाखला) आम्ही फोन करून थकायचो. आता त्याला पूर्ण क्रेडिट मिळतं, म्हणून सीमेपलीकडचं काम वाढलं. व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीन) घेताना भरलेला करही वळता झाला.

अडचण रोखीची आहे. जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा, बिलाचे पैसे तीन महिन्यांनी. 2023-24 पासून गिऱ्हाइकाने लघुउद्योगाचं देणं 45 दिवसांत दिलं नाही आणि मार्चअखेरही थकवलं, तर आयकरात त्याला ते त्या वर्षी खर्ची धरता येत नाही. तेव्हापासून मार्चच्या तोंडावर तरी वसुली होते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. जकातीऐवजी राज्य सरकार महापालिकेला भरपाई देतं, दरवर्षी 8 टक्के वाढ धरून. उद्यमनगरात काम दुप्पट झालं तरी भरपाई त्या हिशेबाने वाढत नाही. जकात नकोच होती, पण शहरातला धंदा वाढला की शहराची तिजोरी वाढायची. आमच्या जुन्या गाळ्याचा घरफाळा आम्ही आजही भरतो. तिथल्या छोट्या वर्कशॉपना धड रस्ते आणि गटारी हव्यात. त्यासाठी जीएसटीतला ठरावीक वाटा थेट शहराला मिळावा, ही मागणी मी उद्योजकांच्या प्रत्येक बैठकीत मांडतो.